ध्यानस्थ शिव आणि ध्यानस्थ जिन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमाला, कोथरूड : व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



जिनालयात नित्य दर्शनाला जाणाऱ्या श्रावकाच्या डोळ्यांसमोर एक आकृती कायमची स्थिर झालेली असते. घातलेले पद्मासन, मांडीवर एकावर एक विसावलेले तळहात, ताठ कणा आणि प्रशांत मुद्रा. हे रूप त्याने अगदी बालवयापासून पाहिलेले असते. त्यामुळे ध्यानमुद्रेत बसलेली पाषाणमूर्ती म्हणजे जिनमूर्ती, असे समीकरण त्याच्या मनात नकळत दृढ होते. कोथरूडमध्येच कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचे शिवालय आहे. तेथे शिव लिंगरूपात पूजिला जातो. महाराष्ट्रातील बहुतेक शिवालयांची हीच रीत आहे. गाभाऱ्यात पिंडी असते, मुख नसते. ध्यानात बसलेला शिव आजच्या भाविकाला परिचित आहे तो बहुधा दिनदर्शिकेवरील चित्रांमुळे. म्हणूनच घारापुरीच्या लेण्यात शिरताच डाव्या हाताला कमळावर पद्मासन घालून बसलेली भव्य मूर्ती दिसली, की जैन यात्रेकरू क्षणभर थबकतो. ही मूर्ती कोणाची?

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर घाईने दिले तर दोन चुका संभवतात. एक म्हणजे प्रत्येक ध्यानस्थ मूर्तीवर आपल्या परंपरेचा हक्क सांगणे. दुसरी म्हणजे सर्व ध्यानस्थ मूर्ती अखेर एकच आहेत, असे म्हणून त्यांचे वेगळेपण पुसून टाकणे. पहिल्या चुकीतून वाद निर्माण होतात. दुसरीतून अज्ञान जोपासले जाते. ध्यानासन ही भारतीय शिल्पकारांची समाईक संपत्ती होती. परंतु त्या आसनातून प्रत्येक परंपरेने स्वतःचा वेगळा आशय प्रकट केला. तो आशय मूर्तीजवळच्या लहानसहान खुणांतून वाचता येतो, हा प्रस्तुत विवेचनाचा गाभा होय.

घारापुरीचा योगीश्वर

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून होडीने तासाभराच्या अंतरावर घारापुरीचे बेट आहे. तेथील मुख्य शैव लेणे सामान्यतः इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यातील मानले जाते. अनेक अभ्यासक त्याचा संबंध कलचुरी राजवटीशी जोडतात. १९८७ साली या लेण्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. या लेण्याचा कर्ता कोण, हे सांगणारा शिलालेख आज तेथे नाही. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो याच्या नोंदीप्रमाणे प्रवेशद्वारावरची कोरीव लेखाची शिळा काढून पोर्तुगालला पाठविण्यात आली. पुढे ती हरवली. एक शिळा गेली आणि तिच्याबरोबर एका महान निर्मितीचे नावगाव गेले.

उत्तरेकडील प्रवेशाच्या दोन बाजूंना दोन मोठे शिल्पपट समोरासमोर योजलेले आहेत. पश्चिमेस नृत्य करणारा शिव, तर पूर्वेस ध्यानस्थ शिव. या दुसऱ्या मूर्तीस अभ्यासक योगीश्वर म्हणतात. शिव कमळावर बसला आहे आणि त्या कमळाचा देठ दोन नागांनी धरला आहे. मस्तकी जटामुकुट आहे. भोवती व वर देवगण आणि सेवक दाटीने कोरलेले आहेत. हात तुटल्यामुळे त्यांची नेमकी मुद्रा आज सांगता येत नाही. तथापि धड निश्चल आहे आणि मुखावर खोल शांती आहे. नागांनी पेललेल्या कमळावर बसलेली मूर्ती पश्चिम भारतातील बौद्ध लेण्यांतही आढळते. त्यामुळे सुरुवातीच्या काही युरोपीय अभ्यासकांना या शिल्पात बुद्धाचा भास झाला, यात नवल नाही.

परंतु एकटी मूर्ती न पाहता संपूर्ण लेणे पाहिले, की शंका राहत नाही. त्याच मंडपात शिवपार्वतीच्या विवाहाचा पट आहे, अंधकासुराच्या वधाचा आहे, गंगा मस्तकी धारण करणाऱ्या गंगाधराचा आहे आणि अर्धनारीश्वराचाही आहे. दक्षिण भिंतीच्या मध्यभागी सुप्रसिद्ध त्रिमुखी सदाशिव आहे. त्याच्या एका बाजूचे मुख उग्र, दुसऱ्या बाजूचे सुकुमार आणि मधले पापण्या मिटलेले, अंतर्मुख. म्हणजे ध्यान ही शिवाच्या अनेक अवस्थांपैकी एक अवस्था आहे. जो समोरच्या पटात नाचतो, पलीकडच्या पटात लग्न करतो आणि तिसऱ्या पटात असुराला मारतो, तोच येथे डोळे मिटून बसला आहे. योगीश्वराला नटराजासमोर बसविणाऱ्या शिल्पकाराची योजनाच हे सांगते. गती आणि स्थिती ही एकाच ईश्वराची दोन रूपे आहेत, असा तिचा अर्थ.

वेरूळ : एकाच डोंगरातील तीन परंपरा

वेरूळच्या लेण्यांत हा विचार अधिक स्पष्ट होतो, कारण तेथे तिन्ही परंपरा एकाच डोंगराच्या कुशीत आहेत. क्रमांक १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. बाराव्या, म्हणजे तीन ताल लेण्यात, ओळीने बसलेले बुद्ध आहेत. एकोणतिसावे लेणे, डुमार लेणे, वेलगंगेच्या धबधब्याजवळ आहे आणि त्याची रचना घारापुरीशी जुळणारी आहे. तेथेही कमळावर बसलेला योगी शिव आहे, आणि येथे त्याच्या हाती दंड आहे.

हा दंड महत्त्वाचा आहे. त्यास लकुट म्हणतात आणि ज्याच्या हाती लकुट तो लकुलीश. लकुलीश हा पाशुपत संप्रदायाचा आचार्य, शिवाचा अवतार मानला गेलेला. गुजरातमधील कायावरोहण, आजचे कारवण, हे त्याचे स्थान. मथुरेच्या स्तंभलेखात, गुप्त संवत ६१ म्हणजे इ. स. ३८० मध्ये, या संप्रदायाची आचार्यपरंपरा नोंदलेली आहे. लकुलीशाच्या मूर्ती पुष्कळदा विवस्त्र व पद्मासनस्थ असतात. त्यामुळे जैन दर्शकाचा गोंधळ सर्वाधिक होतो तो येथेच. परंतु लकुलीश हाती दंड धारण करतो, त्याच्या जवळ शिष्य असतात आणि तो सामान्यतः ऊर्ध्वलिंग दाखविला जातो. वीर्यसंयम व योगसामर्थ्य यांचे ते शैव चिन्ह होय. जिनमूर्तीचे दिगंबरत्व मात्र सर्वस्वी निर्विकार असते. ते अपरिग्रहाचे द्योतक आहे, सामर्थ्याचे नव्हे.

डुमार लेण्यापासून उत्तरेस काही अंतर चालून गेले की जैन लेणी लागतात. त्यांचा काळ मुख्यतः नववे ते दहावे शतक, म्हणजे राष्ट्रकूटांचा. बत्तिसाव्या लेण्यास लोक इंद्रसभा म्हणतात. हे नाव गैरसमजातून पडले आहे. तेथील हत्तीवर बसलेल्या यक्षाला कोणी तरी इंद्र समजले आणि नाव रूढ झाले. गाभाऱ्यात महावीर आहेत. लेण्यातील दोन मोठ्या शिल्पपटांत एकीकडे पार्श्वनाथ, दुसरीकडे बाहुबली. दोघेही कायोत्सर्गात उभे आहेत. बाहुबलींच्या अंगावर वेली चढल्या आहेत. पार्श्वनाथांभोवती कमठाचा उपसर्ग चालला आहे. विकराळ आकृती चोहोबाजूंनी धावून येत आहेत, धरणेंद्राने फणा धरला आहे, पद्मावतीने छत्र. या साऱ्या कल्लोळाच्या मध्यभागी पार्श्वनाथांच्या शरीराची एक रेषाही हललेली नाही.

या पटाच्या शेजारी मनाने दुसरा एक पट ठेवून पाहावा. रावण कैलास पर्वत हलवितो, हा प्रसंग वेरूळला आणि घारापुरीलाही कोरलेला आहे. तेथेही खाली खळबळ आणि वर शांती आहे. परंतु शिव आपल्या पायाने पर्वत दाबतो आणि रावणाचा गर्व उतरवितो; पुढे त्याच्यावर अनुग्रहही करतो. तो शांत राहून कृती करतो. पार्श्वनाथ काहीच करीत नाहीत. रक्षण करतो तो धरणेंद्र. तीर्थंकरांना ना शत्रूवर रोष, ना रक्षकावर प्रेम. शांत मुखे दोन्ही. पण एक शांती जगाचा सांभाळ करते, तर दुसरी जगाच्या बंधनातून सुटलेली आहे. शैव आणि जैन ध्यानमूर्तींमधील सर्वांत खोल भेद हाच, आणि तो पोथीपेक्षा पाषाणात अधिक स्वच्छ दिसतो.

दक्षिणेची परंपरा : दक्षिणामूर्ती आणि योगनरसिंह

दख्खनच्या लेण्यांकडून तमिळ देशातील मंदिरांकडे वळले, की ध्यानस्थ शिवाचे स्थान शास्त्राने ठरवून दिलेले आढळते. पल्लव राजा राजसिंहाने आठव्या शतकाच्या आरंभी कांचीपुरमला उभारलेल्या कैलासनाथ मंदिरापासून पुढे चोळांच्या असंख्य मंदिरांपर्यंत, विमानाच्या दक्षिण भिंतीवरील देवकोष्ठात जो शिव बसतो त्यास दक्षिणामूर्ती म्हणतात. तो वटवृक्षाखाली आहे, पायाशी ऋषी बसले आहेत, अज्ञानाचे प्रतीक असलेला अपस्मार पायाखाली दडपलेला आहे. मूर्तिशास्त्रात त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. व्याख्यान, ज्ञान, वीणाधर आणि योग. यांपैकी योगदक्षिणामूर्तीचे पाय दुमडलेले असतात आणि पाय व धड यांना वेढणारा एक पट्टा असतो. त्यास योगपट्ट म्हणतात. दीर्घकाळ आसन टिकावे म्हणून साधक तो वापरीत. शबरीमलैच्या अय्यप्पांच्या प्रतिमेतही हाच पट्टा दिसतो.

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केले. तेथेही विमानाच्या दक्षिणेस दक्षिणामूर्तीचे स्थान आहे. मराठी माणसाला हे मंदिर परके नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचे राज्य होते आणि दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले कुळाचा विस्तृत इतिहास याच मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. तो लेख पाहण्यास जाणाऱ्या मराठी प्रवाशाने दक्षिण बाजूस वळून मौनातून शिकविणाऱ्या त्या गुरूचेही दर्शन घ्यावे. शब्दावाचून उपदेश, ही दक्षिणामूर्तीची कल्पना जैन श्रोत्याला जवळची वाटेल. तीर्थंकरांची दिव्यध्वनी ओठ न हलता प्रकट होते आणि गणधर तिचा अर्थ उलगडतात, असे दिगंबर परंपरा मानते. साम्य मनोज्ञ आहे. परंतु तेवढ्यावरून एक कल्पना दुसरीपासून निघाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

वैष्णव परंपरेतही ध्यानस्थ देव आहे आणि तो अनपेक्षित रूपात आहे. हिरण्यकशिपूचा वध करणारा नरसिंह हा क्रोधाचा पुतळा. तोच क्रोध शमल्यावर योगासनात बसला, अशी भावना योगनरसिंहाच्या मूर्तीमागे आहे. कर्नाटकातील मेलकोटे आणि तमिळनाडूतील शोळिंगूर येथील डोंगरमाथ्यावरची त्याची देवालये प्रसिद्ध आहेत. चार हातांपैकी वरच्या दोहोंत शंखचक्र, खालचे दोन्ही गुडघ्यांवर पसरलेले आणि गुडघ्यांभोवती योगपट्ट. मुख सिंहाचे, बैठक मात्र योग्याची. संतापही आसनाने आवरता येतो, हे या मूर्तीइतक्या थेटपणे सांगणारे शिल्प क्वचितच सापडेल.

ओळखीच्या खुणा

आता प्रश्न असा, की शेजारी पट नाही, मंदिर नाही, शेतात किंवा पारावर एकटीच ध्यानस्थ मूर्ती सापडली, तर ती ओळखावी कशी? या बाबतीत प्राचीनांनी बरेच मार्गदर्शन केले आहे. घारापुरीचे लेणे ज्या शतकात कोरले गेले असे मानतात, त्याच सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहिता रचली. त्यात अर्हतांची मूर्ती गुडघ्यांपर्यंत पोचणाऱ्या बाहूंची, श्रीवत्सांकित, प्रशांत, दिगंबर, तरुण व रूपसंपन्न असावी, असे सांगितले आहे. शंभूसाठी त्याने चंद्रकोर, तिसरा नेत्र, वृषभध्वज, शूल व पिनाक धनुष्य ही लक्षणे दिली आहेत. मराठीत या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत पुण्याचे ग. ह. खरे यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा ‘मूर्तिविज्ञान’ हा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला.

या आधारांवरून आणि प्रत्यक्ष मूर्तींवरून काही खुणा मनात ठेवता येतात. जिनमूर्तीस नेहमी दोनच हात असतात. त्या हातांत आयुध नसते, माळ नसते, कमंडलू नसतो. बैठ्या जिनमूर्तीचे हात नेहमी मांडीवर ध्यानमुद्रेत असतात. ती अभय देत नाही, वर देत नाही, व्याख्यानमुद्राही करीत नाही. आसने दोनच, पद्मासन आणि कायोत्सर्ग. दक्षिणेत पद्मासनाऐवजी अर्धपद्मासन अधिक. जिनमूर्तीस योगपट्ट नसतो. मस्तकावर बहुधा एकावर एक तीन छत्रे असतात, ज्यांना तमिळमध्ये मुक्कुडै म्हणतात. पीठावर सिंह, बाजूंना चामरधारी आणि मागे भामंडल असते. बुद्धाच्या अंगावर चीवराची किनार दिसते आणि माथ्यावर उष्णीष असते. शिवाला जटामुकुट, नाग, चंद्रकोर, तिसरा नेत्र यांपैकी काही ना काही असतेच. बहुधा चार हातही असतात.

मात्र खुणाही सावधपणे वापराव्या लागतात. छातीवरील श्रीवत्स हे उत्तरेत जिनमूर्तीचे ठळक लक्षण असले, तरी दख्खन आणि दक्षिणेतील जिनमूर्तींवर ते सामान्यतः कोरले जात नाही. म्हणून श्रीवत्स नाही एवढ्यावरून ती जिनमूर्ती नव्हे, असे ठरत नाही. ऋषभनाथांच्या खांद्यांवर केसांच्या बटा असतात आणि त्यांचे लांछन वृषभ. जटा आणि बैल दोन्ही दिसले म्हणजे शिव, असा निष्कर्ष येथे फसतो. उलट प्राचीन जिनमूर्तींवर लांछनेच नसतात. तेथे बटांवरून ऋषभनाथ आणि फण्यांवरून पार्श्वनाथ ओळखावे लागतात. श्वेतांबर मंदिरांत मूर्तीस वरून डोळे बसविण्याची व अंगरचनेची रीत आहे, तर दिगंबर मूर्तींची दृष्टी अर्धोन्मीलित असते. हा भेदही लक्षात ठेवावा लागतो. एका खुणेवर निर्णय नको. चार खुणा एकमेकींना दुजोरा देतील तेव्हाच नाव घ्यावे.

साम्य कशामुळे

इतके भेद असूनही मूळ आसन एकच का, हे समजण्यास राष्ट्रकूटांचा काळ उपयोगी पडतो. सम्राट अमोघवर्ष (इ. स. ८१४ ते ८७८) हा आचार्य जिनसेनांचा शिष्य म्हणून जैन परंपरेत आदरणीय आहे. त्याच राजाने प्रजेवरील संकट टळावे म्हणून महालक्ष्मीला आपले बोट अर्पण केले, असे इ. स. ८७१ च्या संजान ताम्रपटात सांगितले आहे. त्या काळच्या राजाला, व्यापाऱ्याला आणि पाथरवटाला या परंपरा परस्परांपासून भिंत घालून तोडलेल्या वाटत नव्हत्या. वेरूळचे तिसावे लेणे जैन आहे. पण त्यास छोटा कैलास म्हणतात, कारण त्याची घडण सोळाव्या क्रमांकाच्या कैलास मंदिराच्या धर्तीवर आहे. शिवालयाचा आकार जिनालयाने निःसंकोच स्वीकारला आणि गाभाऱ्यात मात्र जिन बसविले. आकार समाईक, आशय स्वतंत्र, ही गोष्ट त्या कारागिरांना कळत होती.

सिंधू संस्कृतीतील मुद्रेचा उल्लेख अशा प्रसंगी हमखास होतो. मोहेंजोदडोला सापडलेल्या एका मुद्रेवर पशूंच्या मध्ये आसनस्थ आकृती आहे. सर जॉन मार्शल यांनी १९३१ साली तिच्यात शिवाचे आद्य रूप पाहिले. काहींनी तिच्यात ऋषभदेव पाहिले. सिंधू लिपी अद्याप निर्विवादपणे वाचली गेलेली नाही. जोपर्यंत ती वाचली जात नाही, तोपर्यंत या मुद्रेला कोणत्याही एका परंपरेची साक्षीदार करणे योग्य नव्हे. प्राचीनत्वाचा अभिमान पुराव्याच्या पुढे धावू लागला, की तो अभिमान दुबळा होतो.

नाव हरवलेल्या मूर्ती

मूर्तीची ओळख हा केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नव्हे. तमिळनाडूतील सेलम जिल्ह्यात तलैवेट्टि मुनियप्पन या नावाने एक मूर्ती ग्रामदेवता म्हणून पूजिली जात होती. नावाचा अर्थच मस्तक तुटलेला मुनियप्पन. तुटलेले मस्तक चुना-सिमेंटने पुन्हा जोडलेले होते. ही मूर्ती बुद्धाची आहे, असा दावा करून प्रकरण न्यायालयात गेले. पुरातत्त्व तज्ज्ञांनी कमलपीठ, अर्धपद्मासन, ध्यानमुद्रा अशी लक्षणे तपासून अहवाल दिला आणि २०२२ साली मद्रास उच्च न्यायालयाने ती मूर्ती बुद्धाची असल्याचे मान्य करून स्थान पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. एका बाजूस पिढ्यान् पिढ्या श्रद्धेने पूजा करणारे ग्रामस्थ, दुसऱ्या बाजूस आपल्या शास्त्याची मूर्ती ओळखणारे बौद्ध. दोघांच्याही भावना खऱ्या होत्या. वाद उद्भवला तो मूर्तीचे नाव मधल्या काळात हरवले म्हणून.

हंपीच्या नरसिंहाचीही कथा अशीच आहे. १५२८ साली कृष्णदेवरायाच्या कारकिर्दीत एकाच शिळेतून कोरलेली ही सुमारे ६.७ मीटर उंचीची मूर्ती दीर्घकाळ उग्रनरसिंह म्हणून ओळखली गेली. बटबटीत डोळे आणि फुटलेले अवयव पाहून लोकांनी ते नाव दिले. वस्तुतः तिच्या डाव्या मांडीवर लक्ष्मी होती. ती नष्ट झाली. पण देवीचा हात नरसिंहाच्या पाठीशी अजून दिसतो. गुडघ्यांभोवतीचा योगपट्ट पुरातत्त्व खात्याने नंतर पुन्हा बसविला. लक्ष्मीसह योगासनात शांत बसलेला देव, केवळ भग्न झाल्यामुळे, उग्र ठरला. दगड फुटला की अर्थही फुटतो, तो असा.

सुवर्णमहोत्सवी कर्तव्य

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या विवेचनाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उत्तर गाभाऱ्यातच आहे. धातूच्या लहान जिनप्रतिमा उलट्या करून पाहाव्यात. पुष्कळांच्या पाठीवर संवत, तिथी, प्रतिमा भरविणाऱ्या श्रावकाचे नाव, त्याची ज्ञाती, गाव आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव कोरलेले असते. नित्य प्रक्षाल आणि घासणे यांमुळे ती अक्षरे वर्षागणिक झिजत आहेत. जीर्णोद्धाराच्या वेळी पाषाणमूर्तींवर लेप दिला जातो आणि पीठावरील लेख त्याखाली कायमचा दडतो. घारापुरीची लेखशिळा परकीयांनी नेली. येथे मात्र भक्तीच्याच हातांनी लेख पुसला जात आहे.

यावर उपाय कठीण नाही. प्रत्येक मूर्तीचे समोरून, मागून आणि पीठाचे छायाचित्र घ्यावे. उंची, पाषाण किंवा धातू, लांछन, परिकर आणि लेखाचे वाचन एका नोंदवहीत लिहावे. वाचता न येणारे लेख पुराभिलेखांच्या जाणकारांना दाखवावेत. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, डेक्कन कॉलेज आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या संस्था असताना ही अडचण राहू नये. लेप किंवा ओप देण्यापूर्वी ही नोंद पूर्ण झालेली असावी. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींची १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते, तीही वेळेत करावी. चोरी झाल्यास मूर्ती परत मिळविण्याचा पहिला आधार छायाचित्र आणि नोंद हाच असतो.

आणि हीच दृष्टी इतरांच्या मूर्तींविषयी बाळगावी. एखाद्या गावी ध्यानस्थ मूर्तीस शेंदूर लावून ग्रामस्थ पूजा करीत असतील आणि ती जिनमूर्ती असल्याचे जाणकाराच्या लक्षात आले, तर प्रथम नोंद करावी, तज्ज्ञांचे मत घ्यावे आणि ग्रामस्थांशी आदराने बोलावे. ज्यांनी तिला शतकानुशतके सांभाळले, त्यांनी तिचे नाव विसरले असले तरी तिला टाकून दिलेले नाही, हे विसरू नये. त्याचप्रमाणे पद्मासनातील शिव किंवा योगनरसिंह दिसला, तर तो आपलाच कोणी असल्याचा आग्रह धरू नये. स्याद्वादाचा अभ्यास करणाऱ्या समाजाने तरी समोरच्या मूर्तीचे म्हणणे तिच्याच खुणांतून ऐकून घ्यावे.

योगीश्वर ध्यानातून उठून पुन्हा नृत्य करील, हे घारापुरीचा शिल्पकार जाणत होता. महावीरांना उठण्याचे प्रयोजन उरलेले नाही, हे वेरूळचा शिल्पकार जाणत होता. दोघांनीही तेच आसन कोरले आणि प्रत्येकाने आपापल्या देवाशी प्रामाणिक राहून कोरले. तेवढ्याच प्रामाणिकपणे ते वाचणे आणि पुढच्या पन्नास वर्षांसाठी लिहून ठेवणे, एवढेच काम आता पाहणाऱ्यांकडे उरते.